कळण्यातला उडीद

"हाई काय शे, मावशी? सनना दिन, आन् मन्हा बापना ताटमा भाकर?"

मंगलाच्या या एका वाक्यासरशी पंगत थबकली. पुरणपोळीचा घास धनुबाईच्या हातातच राहिला. आमरसाची वाटी पुढे सरकवायला वाकलेली जसोदाबाई तशीच वाकून राहिली आणि तिच्या कानांत उगीचच जात्याची घरघर घुमू लागली...

आखाजीचा दिवस होता तो. खानदेशात आखाजीला सासरच्या मुली माहेरी येतात. दारच्या निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, चार दिवस पुन्हा लहान होतात. मंगलाही धुळ्याहून आली होती. तिचे यजमान शांतीलाल तिथे शाळेत शिक्षक होते. घरात सगळ्यांच्या ताटांत खापरावरच्या रुंद, पातळ पुरणपोळ्या होत्या, तुपाची धार होती, दुधात कालवलेला रस होता. आणि घरचे धनी, साठ एकर काळ्या जमिनीचे मालक पितांबर पाटील यांच्या पुढ्यात मूठभर भात, दुधीची पातळ भाजी, दुधावाचूनचा रस आणि एक राखाडी भाकरी!

"मंगला, जेवाले बठ," पितांबर खाली मान घालून म्हणाले. "माले जे पायजे तेच मी खाई ऱ्हायनू."

"तुम्ही नका बोलू, आबा. तुम्हनं अंग दखं मी. गालं बसनात, हातनी कडी सैल व्हयनी..." मंगला जसोदाबाईकडे वळली. "मावशी, तूच सांग. पोयी कोठे शे आबानी?"

जसोदाबाईनं हातातली वाटी खाली ठेवली. मंगलाची आई गेली तेव्हा मंगला अकरा वर्षांची होती. वर्षभरानं जसोदा या घरात आली. पहिल्या दिवशी त्या पोरीनं तिला 'मावशी' म्हटलं आणि पुढेही 'मावशी'च म्हणत राहिली. जसोदाला स्वतःचं मूल झालं नाही. 'माय' हा शब्द या घरात आपल्या वाट्याला नाही, हे तिनं केव्हाच मनाशी मान्य केलं होतं... मान्य केलं होतं, पण त्याची ओढ काही संपली नव्हती.

"ती काय सांगी?" पितांबरांची विधवा बहीण धनुबाई पदर सावरत म्हणाली. "तू आज दखं, पोरी. आम्ही रोज दखतस. गोठामा दोन म्हशी दूध देतीस, आन् मन्हा भाऊले ताकना थेंब नही! दूध कथं जास, इचार तिले. तिन्हा भाऊनं घर तठे मोठं व्हई ऱ्हायनं म्हनतस लोके."

"धनु!" पितांबर ओरडले. तेवढ्या ओरडण्यानं त्यांच्या कपाळाची शीर तटतटून फुगली, आणि ती पाहताच जसोदाबाई पुढे झाली.

"आरडू नका ना," ती हळूच म्हणाली. "शांत बठा. रागावू नका."

हेच मंगलाच्या डोळ्यांत सललं. आपला सिंहासारखा बाप, ज्याच्या एका हाकेनं शिवारातली माणसं जागची हलत, तो या बाईच्या एका शब्दासरशी गप्प होतो! ती ताटावरून उठली. पाच महिन्यांचं पोट सावरत उंबऱ्यापाशी गेली आणि वळून म्हणाली, "मन्हा बापले तू उपाशी मारी ऱ्हायनी, मावशी. ऐक... जोवर हाई चूल तुन्हा हातमा शे, तोवर मी ह्या घरनं पानी पिवाव नही!"

त्याच दुपारी ती धुळ्याला परत गेली. निंबाला बांधलेला झोका वाऱ्यावर रिकामाच हलत राहिला.

जसोदाबाईनं तिला थांबवलं नाही. थांबवायला एकच वाक्य पुरं होतं, आणि ते वाक्य उच्चारायचं नाही अशी शपथ तिनं घेतली होती!

...दोनच महिन्यांपूर्वीची गोष्ट. पितांबरांचं डोकं ठणकायचं, कानांत आवाज यायचे. एकदा मळ्यातून येताना नाकातून रक्ताची धार लागली. तेव्हा जसोदाबाईनं हट्टानं छकडा जुंपायला लावला आणि त्यांना नंदुरबारला नेलं. तिथल्या वृद्ध डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला रबरी पट्टा गुंडाळला, हातातला फुगा दाबला, आणि काचेच्या नळीतला पारा चढत चढत वर गेला. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला.

"पाटील, रक्ताचा दाब फार आहे," ते म्हणाले. "यावर नेमकं औषध नाही. पथ्य आहे. मांसवर्धक अन्न, ज्याला आम्ही प्रोटीन म्हणतो, ते बंद करा. उडीद, तूर, हरभरा, कुठलीच डाळ नाही. दूध, दही नाही. शेंगदाणे नाहीत. त्याचा मळ मूत्रपिंडांना झेपत नाही, आणि मग रक्ताचा दाब चढतो. भात, भाकरी, भाजी, फळं यांवर राहा. आणि रागावायचं नाही."

त्यांनी ते एका चिठ्ठीवर लिहूनही दिलं. जसोदाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं चिठ्ठीची घडी कमरेला खोचली, आणि घरी गेल्यावर ती कुंकवाच्या डबीखाली ठेवली. रोज कुंकू लावताना पथ्याची आठवण व्हावी म्हणून.

परतताना छकड्यात पितांबर मागे पडणाऱ्या रस्त्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "जसोदा, मंगलाले सांगू नको. तिन्ही माय अशीच डोकं धरीसन पडनी आन् गयी. ते तिनी डोयावरी दखेल शे. दोनदा ओटी रिकामी व्हयनी पोरनी, आते कोठे तिसरांदा आस लागनी... हाई ऐकीसन ती धसका ली. मन्ही आन शे तुले."

"नही सांगाव," जसोदाबाई म्हणाली. तेवढंच.

प्रकाशाला तापी ओलांडायला नाव लागे. प्रकाशा म्हणजे दक्षिणकाशी. काशीला गेलेलं माणूस आपल्या आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडून येतं. तापीकाठची माणसं तोच नेम इथल्या संगमावर करतात. नाव लागायला वेळ होता. जसोदाबाई घाटाच्या पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेली. लहानपणापासून तिचा जीव एकाच गोष्टीवर होता: कळण्याची भाकरी आणि उडदाची घोटलेली डाळ. घराघरांत ज्वारीमध्ये सालासकट काळा उडीद आणि मीठ मिसळून जे दळतात, तो कळणा. त्याची खरपूस भाकरी तव्यावरून उतरली की ती लहान पोरीसारखी आधी एक तुकडा स्वतःच तोंडात टाकायची! पितांबरांनाही तीच भाकरी प्यारी. 'तुन्हा हातना कळना' एवढंच कौतुक त्यांना येत असे.

जसोदाबाईनं ओंजळभर पाणी घेतलं. "माय तापी," ती म्हणाली, "त्या जे खावाव नहीत, ते मी बी खावाव नही. उडीद सोडा, सगळी डाळ सोडी, दूध सोडं. मन्हं आयुष्य त्यास्ले दे." आणि ओंजळ सोडून दिली.

घरातल्यांपुरतं ठेवून उरलेलं दूध तेव्हापासून सालदाराच्या, सालावर ठेवलेल्या गड्याच्या, घरी जाऊ लागलं. धनुबाईनं दुधाची चरवी बाहेर जाताना पाहिली होती. ती कुणाच्या दारात उतरते ते पाहायला मात्र ती कधी गेली नव्हती.

पथ्य सुरू झालं आणि पितांबरांचं जेवणावरचं मन उडालं. डाळ नाही, ताक नाही... चार घास कसेबसे खाऊन ते उठायचे. "जसोदा, एक दिन कळनानी भाकर दे ना," एकदा ते म्हणाले. लहान मुलासारखं म्हणाले! जसोदाबाईला भरून आलं. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ती जात्यावर बसली. उडीद तर घालायचा नव्हता. मग तिनं ज्वारीत थोडी बाजरी मिसळली, म्हणजे भाकरीला तसा राखाडी रंग येईल. पण चव? उडदाची ती चव कुठून आणायची? तिनं विचार केला आणि नेहमी एक मूठ मीठ घालायची तिथे अडीच मुठी घातलं. खारटपणाच्या आड उडदाची उणीव लपेल असं तिला वाटलं.

"कळनानी शे," ताट वाढताना ती खोटं बोलली.

पितांबरांनी पहिला घास घेतला. तिच्याकडे एकदा पाहिलं. "झकास!" म्हणाले, आणि दोन भाकरी खाल्ल्या.

त्या दिवशी जसोदाबाईला आपण जगातली सर्वांत शहाणी बायको आहोत असं वाटलं. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षांमागून वर्षं, ती त्यांना हीच भाकरी वाढत राहिली. त्यांच्यानंतर त्याच ताटात तीही तेच खात राहिली.

मंगलाला मुलगी झाली. पितांबर बारशाला धुळ्याला गेले आणि लेकीला म्हणाले, "तुन्ही मावशीना काही दोष नही, बेटा." मंगलानं मान फिरवली. "तुम्ही तिन्हीच बाजू लेशात, आबा," ती म्हणाली. पितांबर मानी गृहस्थ. आपण आजारी आहोत, बायको आपल्याला पथ्याचं वाढते, हे लेकीपुढे सांगायला त्यांची जीभ रेटली नाही. आज सांगू, पुढच्या खेपेला सांगू... असं करता करता सहा आखाज्या गेल्या. ते धुळ्याला जाऊन नात पाहून येत. मंगला मात्र गावाकडे फिरकली नाही. आणि शपथ सोडवून घ्यावी असं जसोदाबाईनं नवऱ्याला एकदाही म्हटलं नाही. मनावर ताण नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं ना!

दर आखाजीला ती सालदाराकडून निंबाला झोका मात्र बांधून घ्यायची.

"कोनकर्ता बांधस व झोका?" धनुबाई टोमणा मारायची. "पोरले तं तू देसांतरले धाडं."

"वारा बठस ना त्यावर," जसोदाबाई हसून म्हणायची, आणि आत जाऊन चुलीतल्या धुराचं निमित्त करायची.

सहाव्या आखाजीनंतरची कपाशीची वेचणी चालू होती. पांढऱ्याशुभ्र ढिगाशेजारी उभे असताना पितांबर एकाएकी कलंडले. घरी आणलं तेव्हा उजवं अंग लुळं पडलेलं, तोंड वाकडं झालेलं, शब्दांचा नुसता घोगरा आवाज. धुळ्याला तार गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याची मोटार धुरळा उडवत दारात उभी राहिली. तिच्यातून मंगला उतरली, आणि तिच्या पाठोपाठ शांतीलालांच्या ओळखीचे तरुण डॉक्टर, रूपचंद.

मंगला धावत आत आली. बापाच्या पायांवर डोकं टेकून रडली. जसोदाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि मंगलाचे डोळे त्या तांब्यावर क्षणभर थांबून बाजूला वळले. जसोदाबाईनं तांब्या निमूटपणे खाली ठेवला.

डॉक्टरांनी तपासलं. तोच रबरी पट्टा, तोच वर चढणारा पारा. "दाब अजून पुष्कळ आहे," ते म्हणाले. "पण शुद्ध आहे, गिळता येतंय. आशा आहे. यांना आधीपासून दाब होता का? काही उपचार?"

मंगला म्हणाली, "नाही. आबांना कधी काही नव्हतं."

 जसोदाबाईनं खाटेकडे पाहिलं. पितांबरांनी डावा हात महत्प्रयासानं उचलला आणि तिच्याकडे पाहून हलवला... सांग, सांगून टाक! सहा वर्षांची शपथ त्या उचललेल्या हातानं सोडवली. ती आत गेली, कुंकवाच्या डबीखालची चिठ्ठी घेऊन आली आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवली. घडीवर कुंकवाचे डाग पडले होते.

डॉक्टरांनी ती मोठ्यानं वाचली. वरची तारीख वाचली. डाळ बंद, दूध बंद, दही बंद, राग वर्ज्य... मंगला भिंतीला टेकून उभी होती. तारीख त्या आखाजीच्या दोन महिने आधीची होती.

"मावशी..." ती एवढंच म्हणाली. मग चिठ्ठी हातात घेऊन, "माले का नही सांगं?"

"तू पोटुशी व्हती, बेटा. त्यास्नी आन घालेल व्हती."

धनुबाईचा चेहरा उतरला. "मंग ते दूध?" तिनं चाचरत विचारलं.

"सालदारना घर जाये, बाई. नासाले का ठेवू?"

डॉक्टरांचं लक्ष मात्र आता रोग्यावर नव्हतं. ते जसोदाबाईच्या हाताच्या पांढुरक्या नखांकडे पाहत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, तिच्या पायाच्या घोट्याशी अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"बाई, तुम्ही काय खाता?"

"त्यास्ना ताटमा जे, तेच."

"डाळ?"

"नही."

"दूध?"

"नही."

"तुम्हांला तर पथ्य नव्हतं!"

 संगमावरच्या ओंजळीची गोष्ट जसोदाबाईनं आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती आता तुटक शब्दांत सांगावी लागली. ऐकता ऐकता मंगला भिंतीशी खाली बसली. सहा वर्षं... आपण ज्या ताटावरून रागानं उठलो, त्याच ताटातलं ही बाई सहा वर्षं खात होती!

"तुमच्या अंगावर ही सूज डाळ-दूध तोडल्यानं आली असावी," डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. "नंदुरबारच्या डॉक्टरांना दोष नाही. मी शिकलो तेव्हा आमच्याही पुस्तकांत हेच होतं: प्रोटीन कमी करा, दाब उतरेल. पण डाळ-दूध तोडून कुणाचा दाब उतरल्याचं मला तरी दिसलेलं नाही. माणसं अशक्त मात्र होतात. हल्ली पुष्कळ डॉक्टर मिठाकडे बोट दाखवतात. मीठ किती असतं यांच्या जेवणात?"

"भाजीमा बेतानं, सायेब."

"आणखी कशात?"

"भाकरमा..." जसोदाबाई सहज म्हणाली.

"भाकरीत मीठ?"

तिनं कळण्याची सगळी हकीकत सांगितली. बाजरी, रंग, खोटं... "उडीदनी चव लपाडाले," असं म्हणून तिनं मूठ पुढे केली. मग दुसरी मूठ. मग अर्धी. डॉक्टर त्या सुकलेल्या मुठींकडे पाहत राहिले. 

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही येळ."

"बाई," ते फार हळू आवाजात म्हणाले, "उडीद असता तरी चाललं असतं. हे मीठ नको होतं."

जसोदाबाई उठली. तिला आधी नीटसं कळलंच नाही. मग एकाएकी सगळं कळलं! जात्यापाशी घातलेली एक एक मूठ तिच्या डोळ्यांपुढे आली. किती पहाटा, किती मुठी! जे तोडलं ते निरपराध होतं, आणि ज्याच्या आड ते लपवलं तेच वैरी होतं. ती मंगलापुढे गेली आणि जमिनीवर बसून तिनं तिचे पाय धरले.

"पोरी... त्या दिन तू म्हने, मन्हा बापले मारी ऱ्हायनी. तवय ते खोटं व्हतं. माले वाईट नही वाटनं, काबर का मन्हं मन चोख व्हतं. पन आते... आते ते खरं व्हयनं व, मंगला! मन्हाच हातवरी व्हयनं! आते तू माले काय बोलानं ते बोल. मी ऐकसू."

 खाटेवरून पितांबर घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणण्याची धडपड करत होते. धनुबाईनं तोंडाला पदर लावला होता. सहा वर्षांपूर्वी याच घरात या बाईला निरपराध असताना शिक्षा झाली होती, आणि आज ती स्वतः होऊन शिक्षा मागत होती. आणि शिक्षा देणारी दोन्ही वेळा मंगलाच होती.

मंगलानं आपले पाय हळूच सोडवून घेतले. ती उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. चूल होती तिथेच होती. तिच्या डाव्या अंगाला पाण्याचा माठ. तिनं तांब्या बुडवला. बाहेर आली. सर्वांच्या देखत, जसोदाबाईच्या डोळ्यांसमोर उभी राहून तिनं ते तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन संपवलं. थोडं पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं.

"सहा वरीसनी तहान व्हती," ती म्हणाली. आणि मग तिचा बांध फुटला. "माय... उठ. ऊठ ना व, माय!"

या घरात आल्यापासूनची तेरा-चौदा वर्षं आणि वर ही सहा... इतक्या काळानं तो शब्द आला, आणि आला तोही अशा घटकेला की जसोदाबाईला तो ऐकण्याची आपली योग्यता नाही असं वाटत होतं. ती उठलीच नाही. शेवटी मंगलाच खाली बसली आणि दोघी एकमेकींना धरून रडत राहिल्या.

महिनाभर मंगला तिथेच राहिली. मिठाचं मडकं तिनं स्वतः उचलून माळ्यावर टाकलं. पण जसोदाबाई उडदाला हात लावायला तयार होईना. "मी नदीले देयेल शे," ती म्हणे. "देयेल वस्तू परत लेतस का?"

मंगलानं पुष्कळ पुस्तकं वाचलेली होती. असल्या नेमांवर तिचा विश्वास नव्हता. पण ज्या मनानं तो नेम केला होता त्या मनाशी पुस्तकातली भाषा बोलून चालणार नाही, एवढं तिला कळत होतं. एके दिवशी सकाळी तिनं छकडा जुंपवला आणि जसोदाबाईला प्रकाशाला नेलं. त्याच घाटावर, त्याच पायरीखाली, ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला.

"तापी माय," ती मोठ्यानं म्हणाली. घाटावरच्या बाया धुणी थांबवून पाहू लागल्या. "मन्ही मायनी तुले उडीद दिधा व्हता. तो माले परत दे. फुकट नही मांगत. मी ह्या घरनं पानी पिवाव नही असा सबद बोलेल व्हती. तो सबद आज तुन्हा पानीमा सोडस. तो तू ठेव, आन् मन्ही मायना उडीद माले दे."

आणि घरून आणलेली काळ्या उडदाची पुरचुंडी नदीत बुडवून तिनं ती ओली पुरचुंडी जसोदाबाईच्या ओटीत घातली. "ले. नदीनी दिधा. आते नही म्हनू नको."

त्या संध्याकाळी सहा वर्षांत पहिल्यांदा खरा कळणा दळला गेला. ज्वारी आणि उडीद, मीठ नाही. पहिला तुकडा मंगलानं आपल्या हातानं जसोदाबाईला भरवला. तो गिळायला तिला फार वेळ लागला.

मग पितांबरांचं ताट. तोपर्यंत त्यांची जीभ थोडी वळू लागली होती. तोंडाच्या डाव्या बाजूनं त्यांनी घास चावला, बराच वेळ चावला, आणि ते अडखळत म्हणाले, "आते... उडीद शे."

जसोदाबाई चमकली. "म्हंजे? पहिले नव्हता हाई तुम्हले माहीत व्हतं?"

"पहिला दिनपासून. बाजरीना वास... लपस का?"

"मंग बोलनात काबर नही?"

पितांबरांचं वाकडं तोंड हसलं. "तू इतला कष्ट करीसन खोटं बोलनी... तुन्हं मन कसं मोडू?"

 ती त्यांना फसवत होती, आणि ते तिला! दोघांनीही एकमेकांवरच्या मायेपोटी ते मीठ निमूटपणे खाल्लं होतं. तिला रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं. त्या दिवसानंतर तिनं स्वतःला दोष देणं हळूहळू कमी केलं. पूर्ण सोडलं नाही.

पितांबर त्यानंतर तीन वर्षं जगले. काठी टेकत निंबाखाली येऊन बसायचे. त्या तिन्ही आखाज्यांना मंगला आली, आणि जसोदाबाईनं बांधलेल्या झोक्यावर मंगलाची मुलगी बसली. पुरणपोळी सगळ्यांच्या ताटांत होती, पितांबरांच्याही. ते गेले तेव्हा झोपेत गेले, डोकं धरून नाही. 'ही तीन वर्षं आपल्याला मिळाली' असं मंगला म्हणायची, आधीची सहा वर्षं 'गेली' असं मात्र ती कधी म्हणत नसे. दर दोन महिन्यांनी गावाकडून धुळ्याला कळण्याच्या पिठाची पिशवी येई. तिला गाठ जसोदाबाईच्या हातची असे, दुहेरी.

मग एका हिवाळ्यात जसोदाबाईही गेली. मंगला उशाशी होती. शेवटचं पाणी तिनंच पाजलं.

दहाव्या दिवशी संगमावर पिंडदानाची तयारी चालली होती. गुरुजींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "बाईंच्या आवडीचं काय आणलंय? पिंडाशेजारी ठेवायचं."

भाऊबंद एकमेकांकडे पाहू लागले. धनुबाई, आता पार वाकलेली, पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तिले काय आवडे... तिनी कधी सांगंच नही. आम्हीन कधी इचारंच नही."

मंगला पुढे आली. तिनं पानावर एक राखाडी भाकरी ठेवली आणि भाकरीवर घोटलेल्या उडदाच्या डाळीचा गोळा. पहाटे तिनं ती स्वतः दळली होती, जसोदाबाईच्या जात्यावर.

"कळनानी भाकर," ती म्हणाली. "मन्ही मायले हाईच आवडे."

कावळा केव्हा शिवतो हे पाहायला सगळे घाटावर थांबले. मंगला थांबली नाही. ती पायऱ्या उतरून खाली गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली. आपण इथे आपला शब्द टाकून गेलो होतो हे तिला आठवलं, आणि त्याच्याही आधी दुसऱ्या एका बाईनं इथेच आपलं आवडतं अन्न सोडून दिलं होतं हेही. नदी दोन्ही घेऊन वाहत होती. मंगलानं ओंजळ भरली. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओंजळीतलं पाणी ती प्याली, आणि घरी जायला वळली.